परीराज्यातील उच्चनीच

१९३८ सालच्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठातील एका प्राध्यापकांकडे जर्मनीतून एक विचारणा आली. प्राध्यापकांचे नाव जे. आर. आर. टॉल्किन. जुन्या इंग्रजी भाषेचे नाणावलेले अभ्यासक. त्यांची 'द हॉबिट' ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी आदल्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली होती आणि पॉट्सडामच्या रुटेन अँड लोनिंग या प्रकाशन संस्थेला तिचा जर्मन अनुवाद काढायचा होता. व्यवहार सरळ होता. अडचण एवढीच, की हिटलरच्या राज्यात पुस्तक छापण्याआधी लेखकाचे कूळ तपासून घ्यावे लागे. तेव्हा आपण 'आर्य' आहात ना, एवढे कृपया कळवावे!

टॉल्किन भडकले. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे करून आपल्या लंडनच्या प्रकाशकांकडे धाडले आणि कोणता पाठवायचा ते त्यांच्यावर सोपवले. त्यातला एक प्रकाशकांच्या दप्तरात राहिला आणि पुढे टॉल्किन यांच्या पत्रसंग्रहात छापला गेला. त्यात या भाषापंडिताने आधी जर्मनांना शब्दाचा अर्थच शिकवला आहे. आर्य म्हणजे भारत-इराणी. माझे कोणी पूर्वज हिंदुस्थानी, फारसी किंवा जिप्सी बोली बोलत असल्याचे मला ठाऊक नाही. आणि मी ज्यू आहे काय असे विचारायचे असेल, तर त्या गुणी समाजातले कोणी माझ्या पूर्वजांत दिसत नाही याचा मला खेद वाटतो. अशा आशयाचे ते उत्तर आहे. 'द हॉबिट'चा जर्मन अनुवाद निघाला तो १९५७ मध्ये, म्हणजे हिटलर मातीला मिळून बारा वर्षे झाल्यावर.

टॉल्किन यांचा जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन गावचा. १९५९ मध्ये ऑक्सफर्डमधून निवृत्त होताना केलेल्या भाषणात, वर्णभेदाचा तिरस्कार आपल्या हाडीमासी भिनलेला आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. हे सगळे आधी सांगितले ते मुद्दाम. कारण आता ज्या विषयाकडे वळायचे आहे तिथे या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे फार सोपे आहे, आणि सोपे असूनही ते बरोबर नाही.

विषय असा, की वंशाच्या नावाने माणसाची किंमत ठरवण्याची ज्याला एवढी चीड होती, त्यानेच १९५४-५५ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या तीन भागांच्या कादंबरीत असे एक जग उभे केले, की जिथे प्रत्येक जमातीची पायरी जन्मानेच ठरलेली आहे. पीटर जॅक्सनने २००१ ते २००३ या काळात त्यावर तीन चित्रपट काढले आणि आपल्याकडच्या मुलांनाही हे जग ओळखीचे झाले. ज्यांनी ते पाहिले-वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर सर्वांत वर एल्फ. देखणे, ज्ञानी, गोड गळ्याचे, आणि म्हातारपण वा आजार ज्यांना शिवत नाही असे. मग माणसे. मग ड्वॉर्फ, म्हणजे जमिनीखाली खाणी खणणारे दाढीवाले बुटके. त्यांच्या बाजूला हॉबिट, साधी, खाऊनपिऊन सुखी, पायांवर केस असलेली शेतकरी जमात. आणि तळाशी ऑर्क. काळे किंवा पिवळट, वाकड्या पायांचे, घाणेरडे, क्रूर, शत्रूच्या फौजेत लढण्यापुरते आणि आपल्या हातून मरण्यापुरते असणारे.

इंग्रजीत या सगळ्यांना 'रेस' म्हणतात. मराठीत काय म्हणायचे? वंश म्हटले तर ते राजघराण्याचे वाटते, जमात म्हटले तर सरकारी यादीतले. सहज बोलताना आपण म्हणतो, बुटक्यांची जात. हा शब्द तोंडी आला, की मराठी वाचकाला या परीराज्याची रचना कोणी वेगळी समजावून सांगायची गरज उरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, जिच्यात वर पाहताना आदर वाढत जातो आणि खाली पाहताना तिरस्कार वाढत जातो, तशीच ही शिडी आहे. माणसांमध्येही पुन्हा पोटभेद आहेतच! फॅरामिर हा या कादंबरीतला अत्यंत सुसंस्कृत, दयाळू सेनानी. तो हॉबिट पाहुण्यांना सहज गप्पांच्या ओघात सांगतो, की आमचे लोक माणसांचे तीन वर्ग मानतात. पश्चिमेचे उच्च, मग मधले, मग रानटी, अंधारातले. तो हे दुष्टपणाने बोलत नाही. सुशिक्षित घरातला माणूस पाहुण्याला ज्या सहजतेने आपल्या गावची माहिती देतो त्या सहजतेने बोलतो, आणि म्हणून ते अधिक खरे वाटते.

इथपर्यंत तक्रार करण्यासारखे काही नाही. लेखकाने पूर्वग्रह दाखवले म्हणजे तो पूर्वग्रहदूषित झाला असे नव्हे. उलट टॉल्किन यांनी ते फार बारकाईने दाखवले आहेत. एल्फ आणि ड्वॉर्फ यांचे हाडवैर घ्या. आठ प्रवाशांची टोळी लॉथलॉरियन या एल्फांच्या वनाशी येते, तेव्हा रखवालदार म्हणतात, बाकी सगळे या, पण ड्वॉर्फच्या डोळ्यांवर पट्टी बांधू. गिमली हा ड्वॉर्फ कुऱ्हाड परजतो. मग ॲरागॉर्न हा म्होरक्या निवाडा देतो, की पट्टी बांधायची तर सगळ्यांच्याच डोळ्यांवर, एल्फ असलेल्या लेगोलासच्याही. लेगोलासला राग येतो. आपल्याच जातभाईंच्या वनात आपल्याला हा अपमान! एकट्या गिमलीवर पाळी होती तोवर त्याला ती गोष्ट फारशी खटकली नव्हती, हे वाचकाच्या लक्षात येते. पुढे हेच दोघे जिवलग मित्र होतात.

रोहन या घोडेस्वारांच्या राज्याची कथाही तशीच. त्यांच्या शेजारी डनलंडचे डोंगरी लोक राहतात. शत्रूला जाऊन मिळालेले, म्हणून वाईट. पण का मिळाले? कारण रोहनची सुपीक जमीन पाचशे वर्षांपूर्वी रोहनवासीयांना बक्षीस मिळाली आणि डनलंडकरांना डोंगरात रेटण्यात आले. सारुमान हा कपटी जादूगार त्या जुन्या जखमेवर मीठ चोळतो, आणि वर सांगतो की रोहनचे लोक कैद्यांना जिवंत जाळतात. लढाई हरल्यावर डनलंडचे सैनिक थरथरत उभे असतात, आणि त्यांना शस्त्रे टाकून घरी जायला सांगितले जाते तेव्हा ते चकित होतात. त्याच राज्याच्या वाटेवर एक वनवासी जमात भेटते. तिचा म्होरक्या घान-बुरी-घान हा राजाला आडवाट दाखवतो आणि मोबदल्यात सोने मागत नाही. मागतो एवढेच, की यापुढे आमच्या लोकांची जनावरांसारखी शिकार करू नका. म्हणजे आजवर ती होत होती! कादंबरीतल्या 'चांगल्या' लोकांच्या हातून होत होती. टॉल्किन हे एका वाक्यात सांगून पुढे जातात, पण ते वाक्य खोडत नाहीत.

सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र कादंबरीत नाही, तिच्या परिशिष्टात दडले आहे. परिशिष्टे कोण वाचतो? पण गोंडोर राज्यातल्या भाऊबंदकीची ही हकिगत कोणीही वाचावी. गोंडोरचे राजघराणे हे समुद्रात बुडालेल्या न्यूमेनॉर बेटावरून आलेल्या, दीर्घायुषी, उच्च माणसांचे. त्यांचा एक राजपुत्र, व्हॅलाकार, उत्तरेकडच्या राजाकडे वकील म्हणून जातो, तिथली भाषा शिकतो आणि त्या राजाच्या मुलीशी लग्न करतो. दरबारात कुजबुज सुरू होते. राजाच्या वारसाने हलक्या, परक्या रक्ताची मुलगी करावी, असे आजवर घडले नव्हते. राणी गुणी, देखणी; पण तिच्या लोकांच्या रीतीने ती लवकर वारते आणि मंडळींना पुरावाच मिळतो. आता हिच्या मुलाबाळांचे आयुष्यही आखूड निघणार, राजवंश बाटणार! मुलगा एल्डाकार गादीवर येताच बंड होते. राजधानीला वेढा पडतो, शहर जळते, राजा उत्तरेला आजोळी पळतो, त्याचा मोठा मुलगा बंडखोरांच्या हातून मारला जातो. शुद्ध रक्ताचा म्हणून जो कॅस्टामिर सिंहासनावर बसतो तो इतका क्रूर निघतो की दहा वर्षांत प्रजा त्याला विटते. एल्डाकार आजोळची फौज घेऊन परततो आणि कॅस्टामिरला स्वतःच्या हाताने मारतो.

आता त्या रक्ताचे काय झाले? टॉल्किन स्वच्छ लिहितात, की एल्डाकार आपल्या बापापेक्षा लवकर म्हातारा झाला नाही. उत्तरेचे रक्त मिसळल्याने ऱ्हासाचा वेग वाढला असे सुरुवातीला तरी दिसले नाही. ऱ्हास चालू होता तो आधीपासूनच, त्याची कारणे वेगळी होती. रक्तशुद्धीच्या नावाने शहर जाळणाऱ्यांचा सिद्धांत खोटा होता! ज्यांनी न्यूरेंबर्गचे कायदे आपल्या हयातीत पाहिले अशा माणसाची ही कथा आहे. ती आणखी ठळक ठिकाणी का घातली नाही, हा एक सवाल मला नेहमी पडतो.

पण थांबा. त्या 'सुरुवातीला तरी' या शब्दांतच खरी ग्यानबाची मेख आहे. आपल्या जगात वंशश्रेष्ठतेचा सिद्धांत खोटा आहे, आणि त्याच्या विरुद्ध लढताना आपल्या हातातले पहिले शस्त्र तेच आहे: तो खोटा आहे. कल्पित जगात मात्र निसर्गनियमही लेखकच लिहितो. तिथे त्याने ठरवले तर वंशश्रेष्ठता खरी होते. ॲरागॉर्न दोनशे दहा वर्षे जगतो ते न्यूमेनॉरच्या राजरक्तामुळे. एका सरदारात ते रक्त जवळजवळ शुद्ध उतरले आहे असे शहाणा गॅन्डाल्फ म्हणतो, आणि तो सरदार खरोखरच इतरांहून तेजस्वी असतो. पात्राचा पूर्वग्रह ही एक गोष्ट झाली. त्या जगाची मातीच पूर्वग्रहाला दुजोरा देत असेल तर ती गोष्ट वेगळी. परीकथा वाचताना तपासायचे असेल तर हे तपासावे.

आणि या कसोटीवर ऑर्क सगळा डाव उधळून लावतात.

गिमली आणि लेगोलास यांच्या मैत्रीचा सर्वांत लाडका प्रसंग हेल्म्स डीपच्या लढाईतला. दोघांची पैज लागते, कोण जास्त शत्रू मारतो. रात्रभर एकमेकांना आकडे ओरडून सांगत लढतात. कादंबरीत शेवटी गिमली बेचाळीस, लेगोलास एक्केचाळीस. वाचक हसतो, चित्रपटगृहात टाळ्या पडतात. दोन जमातींचे हजारो वर्षांचे वैर मिटल्याचा हा आनंदसोहळा तिसऱ्या जमातीची मुंडकी मोजत साजरा होतो. त्याच लढाईत डनलंडच्या माणसांना अभय मिळते. ऑर्कांपैकी एकही जिवंत उरत नाही, आणि कोणाला त्याची चुकचुक लागत नाही.

सॅम हा हॉबिट माळी पुढे एका चकमकीत दक्षिणेकडचा एक काळासावळा सैनिक मरून पडलेला पाहतो. त्याला वाटते, याचे नाव काय असेल? हा खरोखर दुष्ट होता की खोटे सांगून, धाक घालून याला घरापासून इतक्या दूर आणले? मोठी सुंदर जागा आहे ती. पहिल्या महायुद्धात सॉमच्या खंदकांत उभ्या राहिलेल्या लेखकालाच ती सुचणार. काही प्रकरणांनंतर हाच सॅम भिंतीआडून दोन ऑर्कांचे बोलणे ऐकतो. शॅग्रॅट आणि गॉर्बॅग. दोघे वरिष्ठांच्या नावाने बोटे मोडत असतात. लढाई संपली की चार विश्वासू पोरे घेऊन कुठेतरी निसटू, जिथे डोक्यावर मोठे साहेब नसतील, आणि हो, लुटायला बरे काही असेल, असा त्यांचा बेत. कोणत्याही छावणीतल्या दोन जुन्या हवालदारांनी मारावी तशी ती गप्प आहे. ऑर्कांनाही युद्धाचा कंटाळा येतो! सॅमला मात्र या वेळी कोणाच्या नावागावाची चौकशी करावीशी वाटत नाही. आणि लेखकही पुढच्याच वळणावर त्या दोघांच्या टोळ्या एका चिलखताच्या लोभाने एकमेकींवर घालून मोकळा होतो.

टॉल्किन यांना हे सलत होते. ते श्रद्धाळू कॅथलिक. सैतान नवे काही निर्माण करू शकत नाही, असलेले फक्त बिघडवू शकतो, अशी त्यांची निष्ठा. मग ऑर्क आले कुठून? त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सिल्मारिलियन'मध्ये उत्तर आहे, की एल्फांना पकडून, छळून, विकृत करून ऑर्क घडवले. पण मग त्यांना आत्मा आहे. आत्मा आहे तर उद्धाराची शक्यता आहे. शक्यता आहे तर त्यांना किड्यामुंगीसारखे कसे मारायचे? १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उत्तरायुष्यातील टिपणांत ते या प्रश्नाशी झटापट करताना दिसतात. कधी वाटते ऑर्क मूळचे माणसे, कधी वाटते नुसती बोलायला शिकवलेली जनावरे. एका टिपणात त्यांनी नियमही घालून दिला, की ऑर्क शरण आला आणि दयेची याचना केली तर महाग पडले तरी त्याला अभय द्यावे. नियम उत्तम आहे. कादंबरीत मात्र कोणा शरणागत ऑर्कला अभय मिळाल्याचा प्रसंग नाही. १९७३ मध्ये ते वारले तोवर या प्रश्नाचा निकाल लागला नव्हता.

आणि एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. १९५८ मध्ये चित्रपटाच्या एका नियोजित पटकथेवर शेरे मारताना त्यांनी ऑर्क कसे दिसतात ते लिहिले आहे: बुटके, रुंद, चपट्या नाकाचे, पिवळट कातडीचे, तिरप्या डोळ्यांचे, युरोपियनांना सर्वांत कमी आवडणाऱ्या मंगोल चेहऱ्यांची बिघडलेली आवृत्ती. 'युरोपियनांना' हा शब्द त्यांनी जपून घातला आहे खरा. तरीही नाझींना चार खडे बोल सुनावणाऱ्या या सज्जन माणसाला सैतानाच्या फौजेसाठी चेहरा हवा होता तेव्हा तो त्याने आशियातून उचलला. द्वेष नसलेल्या माणसाच्या मनातही शतकानुशतकांची चित्रे टांगलेली असतात, ती अशी.

कोणी म्हणेल, अहो, गोष्टीत राक्षस असायचेच! आपल्याकडे नाहीत का? आहेत की. पण आपल्या राक्षसकुळात विभीषण जन्मतो, असुरांच्या घरी प्रल्हाद जन्मतो आणि त्याचा नातू बळी तर असा, की त्याला पाताळात घालणाऱ्या वामनापेक्षा महाराष्ट्रातला शेतकरी त्याचीच वाट पाहतो. इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो, असे दिवाळीत ओवाळताना आपण म्हणतो. कुळाने माणसाचे दार कायमचे बंद होत नाही, एवढी फट आपल्या पुराणांनी ठेवली. अर्थात यात फार फुशारण्यासारखे नाही. कथेत ज्यांनी बळीला देव्हाऱ्याशी नेले त्यांनीच गावात कोणाला वेशीबाहेर ठेवले, हे सांगायला नको.

टॉल्किन जुने झाले, नव्या लेखकांनी हे सुधारले असेल असे वाटणे साहजिक आहे. जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर'ने (१९९७ ते २००७) एक पिढी वाचायला लावली. मराठीतही ते आले. त्यात रक्तशुद्धीचे वेड उघड खलनायकांकडे दिले आहे. शुद्धरक्ताचे मालफॉय ज्या हर्मायनीला घाणेरड्या रक्ताची म्हणून शिवी देतात ती वर्गात सगळ्यांत हुशार. सिद्धांत खोटा पाडायचा तो असा! जादू मंत्रालयाच्या दालनात सोन्याचे एक कारंजे आहे. मध्ये उंच जादूगार आणि जादूगारीण, भोवती सेंटॉर, गॉब्लिन आणि घरगडी एल्फ त्यांच्याकडे भक्तिभावाने पाहत उभे. हे कारंजे खोटे बोलते, असे डम्बलडोर हॅरीला सांगतो. कोणत्याही सरकारी पुतळ्याविषयी मुलांना इतके चांगले क्वचितच कोणी शिकवले असेल.

पण त्या घरगड्यांचेच पाहा. हे एल्फ पिढ्यान्‌पिढ्या एका घराशी बांधलेले, बिनपगारी, अंगावर उशीचा अभ्रा किंवा फडके गुंडाळलेले. मालकाने कपडा दिला तर सुटका. हॉग्वर्ट्स शाळेच्या स्वयंपाकघरात असे शंभरावर एल्फ राबतात आणि मुलांना वर्षानुवर्षे पत्ताच नसतो. हर्मायनी चळवळ काढते, बिल्ले विकते, त्यांच्यासाठी टोप्या विणते. सगळे तिला हसतात आणि कथाही तिला हसते. कारण एल्फांना सुटका नकोच असते! विंकी नावाची एल्फीण कामावरून काढल्यावर दारूच्या आहारी जाते. डॉबी हा एकटाच पगार मागणारा, पण त्याला आठवड्याला दहा मोहरा आणि शनिवार-रविवार सुटी देऊ केली तर तो घासाघीस करून एक मोहर आणि महिन्याला एक सुटी एवढ्यावर आणतो. त्यांना कामच आवडते हो, त्यांना तसेच बरे वाटते, हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकले आहे ते ज्याने त्याने आठवावे. ते वाक्य खोटे असते म्हणून आपण त्याला उत्तर देऊ शकतो. रोलिंगबाईंच्या जगात ते जवळजवळ खरे आहे. शेवटची लढाई संपते, दुष्टांचा नाश होतो, आणि दमलेल्या हॅरीच्या मनात येते, क्रीचर एखादे सँडविच आणून देईल का. क्रीचर हा त्याचा वारसाहक्काने मिळालेला घरगडी. सात भागांची कथा त्या सँडविचपाशी संपते (उपसंहार सोडून).

या सगळ्यापूर्वी, १९६८ मध्ये, उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहिली. वडील आल्फ्रेड क्रोबर नामवंत मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे 'रानटी' या शब्दाचा पोकळपणा घरातच कळलेला. तिचा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा, त्याचा मित्र व्हेच काळा, आणि समुद्रावरून येऊन गावे जाळणारे टोळीवाले गोरेपान. त्यावर तिने भाषणबाजी केली नाही, पहिल्या प्रकरणांत हळूच रंग भरून ठेवले. गोऱ्या पोरांनी नायकाशी एकरूप व्हावे आणि मग त्यांच्या ध्यानात यावे, असा बेत. मुखपृष्ठकारांनी वर्षानुवर्षे गेडला गोरा रंगवला. २००४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर मालिका आली त्यातही तो गोराच. ले ग्विनबाईंनी लेख लिहून जाहीर निषेध केला. २०१८ मध्ये त्या गेल्या.

हे सगळे करमणुकीचे मामले, त्यात एवढे काय, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन हकिगती. १९७७ मध्ये इटलीतल्या नवफॅसिस्ट पक्षाच्या तरुण मंडळींनी माँटेसार्किओ गावी एक शिबिर भरवले. त्याचे नाव 'कांपो हॉबिट'. टॉल्किन यांची पुस्तके ही त्यांची पोथी. ऑक्टोबर २०२२ मध्ये इटलीच्या पंतप्रधान झालेल्या जॉर्जा मेलोनी याच परंपरेतून पुढे आल्या आणि आपले टॉल्किनप्रेम त्या लपवत नाहीत. ज्याने हिटलरच्या दप्तराला फटकारले त्याच्याच पुस्तकात या मंडळींना आपले घर सापडले. कथेने कुठेतरी एक खिडकी उघडी ठेवल्याखेरीज हे घडत नाही. दुसरी त्याच वर्षीची. सप्टेंबर २०२२ मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही खर्चिक मालिका आली. त्यात प्युर्तो रिकोचा सावळा नट इस्माएल क्रूझ कॉर्दोव्हा एल्फ झाला आणि सोफिया नोम्वेट ही कृष्णवर्णीय नटी ड्वॉर्फ राजकन्या. त्यावर असा गदारोळ उठला, की ॲमेझॉनला प्रेक्षकांचे अभिप्राय बहात्तर तास रोखून धरावे लागले. सावळा एल्फ 'मूळ पुस्तकाशी बेइमानी' ठरला. पुस्तकात हॉबिटांची हारफूट नावाची शाखा इतरांहून सावळी आहे असे प्रस्तावनेतच लिहिले आहे, ते या निष्ठावंतांनी वाचले नव्हते. गोरा नट राक्षस झाल्यावर मात्र कोणी अशी वंशावळ तपासत नाही.

मुले खेळतात त्या खेळांतही हे झिरपले आहे. १९७४ मध्ये निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात 'रेस' निवडावी लागे आणि निवडीबरोबर गुण-अवगुण जन्माने चिकटत. अर्धा ऑर्क निवडला तर ताकदीचे गुण अधिक, छाप पाडण्याचे उणे. २०२० मध्ये कंपनीने ऑर्क जन्मजात दुष्ट नसतात असे ठरवले, आणि २०२४ च्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्दही गेला. तिथे आता 'स्पीशीज' आहे. शब्द बदलल्याने काय बदलले, हे मला विचाराल तर फारसे नाही. आपल्याकडेही पाट्या खूप बदलल्या.

खरे काम केले ते टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाने. त्याच्या २००९ मधील 'अनसीन ॲकॅडेमिकल्स' या कादंबरीत नट नावाचा एक पोरगा आहे. विद्यापीठाच्या तळघरात मेणबत्त्यांचे काम करणारा. अतिशय सभ्य, खूप वाचलेला, सगळ्यांची कामे पुढे होऊन करणारा. लहानपणी तो ऐरणीला साखळीने बांधलेला सापडलेला असतो. का, ते त्यालाही ठाऊक नसते. पुढे कळते, की तो ऑर्क आहे. ऑर्क म्हणजे कोणा सम्राटाने युद्धासाठी माणसांपासून बनवलेले प्राणी, असे या जगात निघते. म्हणजे टॉल्किन यांच्या टिपणांतला एक पर्याय प्रॅचेटने शेवटपर्यंत नेला. तोवर नट फुटबॉलचा संघ तयार करत असतो, त्याला मित्र झालेले असतात, प्रेमही जमू लागलेले असते. शहर घाबरते, मग सरावते. मला टोचते ती गोष्ट वेगळीच. नटला लहानपणापासून शिकवलेले असते, की तू आपली लायकी कमवायची आहेस. म्हणून तो सतत धडपडतो, सतत उपयोगी पडतो, आपण लायक ठरलो का याचा हिशेब मनात मांडत राहतो. त्याच तळघरात त्याच्याबरोबर मेणबत्त्यांचे काम करणारी आणखीही माणसे आहेत, आळशी, कामचुकार, तोंडाळ. त्यांच्याकडे हा हिशेब कोणी मागितलेला नाही.